एक काप, दोन ठेव

पाच मीटर म्हणजे पाच मीटर. समोर पाच, डावीकडं अडीच, उजवीकडं अडीच. त्या चौकोनात जे उडेल ते मोजायचं, आणि चौकोनाबाहेरून खुद्द राजाची मिरवणूक गेली तरी मान वळवायची नाही. ॲव्हरिल स्टिकलँडनं हा नेम चोवीस उन्हाळे पाळला होता. एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा, ऊन पडेल त्या दिवशी अकराच्या ठोक्याला, त्याच वाटेनं, त्याच चालीनं, हातात वही. बाईनं क्रोकफर्ड गावात आयुष्यभर टपाल वाटलेलं. ठरल्या वाटेनं जायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात डोकवायचं नाही हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. पुढं वय झालं, टपाल सुटलं. फुलपाखरं काही सुटली नाहीत.

तसं आमच्या माळावर फुलपाखरांना तोटा नाही, पण ही वाट आखली होती ती एकासाठीच. चंदेरी टिकल्यांचा निळा. जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा जीव. नर निळा, कडेला काळी किनार, तिला पांढरी झालर. मादी बिचारी तपकिरी. पण पंख मिटून बसले की दोघांच्याही पंखांच्या पोटाकडच्या बाजूला चांदीच्या टिकल्या लखलखतात. जूनच्या मध्यावर येतात, जुलै सरता सरता जातात. जात मोठी घरकोंबडी, जन्मलं तिथून वीस-पंचवीस पावलांवर मरायचं. आणि जन्म कुठं, तर काळ्या मुंग्यांच्या घरात. अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो, त्या रसापायी मुंग्या तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळतात, आणि पंख फुटले की ते सुकेपर्यंत अंगाखांद्यावर पहारा देतात. ॲव्हरिलनं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर महिनाभर ज्याच्या घरी टपाल टाकलं त्याला ते ऐकावं लागलं.

पहिल्या उन्हाळ्यात तिनं वाटेवर मोजले होते चारशे बारा. पाचव्या वर्षी दोनशे. दहाव्या वर्षी साठ. मग वीस, मग सात, मग तीन. गेल्या उन्हाळ्यात एकही नाही. आणि आता या वर्षीही जुलैची पंचवीस तारीख उजाडली होती आणि वहीत शून्याखाली शून्य मांडलेलं होतं.

जिल्ह्याच्या फुलपाखरू मंडळात रोवेना म्हणून एक तरणी मुलगी सगळ्यांच्या वह्या गोळा करायची. तिचा आदल्या रात्री फोन आला होता. पोर गोड होती, शब्द जपून वापरत होती, पण बोलायचं ते बोललीच. दोन उन्हाळे लागोपाठ शून्य आलं की नियमाप्रमाणं नोंदीत ‘वसाहत संपली’ असं लिहावं लागतं, आणि ती वाट बंद होते. ॲव्हरिल म्हणाली, जुलै अजून संपलेला नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच दोन थेंब टिपले. मग स्वतःलाच रागावली, कारण रडूबाई माणसं तिला आवडत नसत.

तिला खात होतं ते एवढंच नव्हतं. निळ्यासाठी ती एका माणसाशी वैर घेऊन बसली होती. निळा वाचला असता तर ते वैर कारणी लागलं असतं.

तो माणूस म्हणजे जेबेझ ट्रोक. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेली. त्याचं घर तिच्या घरासमोरच, मध्ये फक्त गल्ली. आता आमच्याकडं माळाचा हक्क माणसाचा नसतो, धुराड्याचा असतो. ज्या घरच्या चुलीला हक्क आहे त्या घरात राहणाऱ्यानं माळावरच्या ढेपा कापाव्यात, म्हणजे हेदरच्या झुडपासकट, मुळांसकट वीतभर मातीचे तुकडे. ते उन्हात वाळवावेत आणि थंडीत जाळावेत. धुराडं पाडलं की हक्क गेला. ट्रोकांच्या धुराड्याला हा हक्क कितीतरी पिढ्यांचा, आणि त्यांचं सगळं कापणं लांबतळीत, म्हणजे माळाच्या ज्या खोलगट भागात निळे उडायचे नेमक्या त्याच ठिकाणी.

चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी ॲव्हरिलनं त्याला तिथं फावडं मारताना बघितलं. फावड्याच्या पात्याशेजारी निळे भिरभिरत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावच्या सभेत ती उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की देशात मोजक्या ठिकाणी उरलेला जीव आपल्या माळावर आहे आणि जेबेझ ट्रोक चार ढेपांसाठी त्याचं घर उकरतोय. बाई बोलायला लागली की समोरच्याला जागा सोडत नाही, हे टपालवाटपापासून गावाला ठाऊक. ठराव झाला. लांबतळीला कुंपण पडलं. फावडं बंद, माळावरची तट्टं बंद, पाय ठेवायचा तो फक्त ॲव्हरिलनं, आठवड्यातून एकदा. त्या सभेत जेबेझ एकच वाक्य बोलला. “माळ म्हणजे दिवाणखाना नव्हे, ॲव्हरिल.” टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. भेटले तर मान हलवायची, चर्चमध्ये तो डाव्या बाकावर, ही उजव्या. शरदात गावच्या प्रदर्शनात मात्र त्याचे कांदे आणि हिचे कांदे शेजारी शेजारी मांडले जायचे, आणि जो हरेल तो आठवडाभर खिडकीचा पडदा उघडायचा नाही. पुढं पंधराएक वर्षांपूर्वी त्याच्या धुराड्यातून ढेपांचा निळसर धूर येईनासा झाला. ॲव्हरिल मनात म्हणाली, बरं झालं, सुधारला एकदाचा.

तर पंचवीस जुलै. ऊन स्वच्छ, वारा मंद. मोजणीला याहून चांगला दिवस नाही. ॲव्हरिल कुंपणाचं फाटक उघडून लांबतळीत शिरली. आत हेदर कमरेपर्यंत वाढलेला, बुंधे लाकूड झालेले. गॉर्सच्या काटेरी झुडपांनी वाट दोन्हीकडून आवळलेली, मधूनमधून पाइनची रोपटी डोकं वर काढून बसलेली. हिरवंगार, दाट, शांत. तिला ते दरवेळी बघून बरं वाटायचं, की बघा, कुणाचा हात लागला नाही तर माळ कसा फोफावतो. पहिला टप्पा शून्य. दुसरा शून्य.

आता पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईनं सकाळी तीन कप चहा ढोसून माळावर यावं का? येऊ नये. एरवी ती नेट लावून वाट पुरी करायची. त्या दिवशी जमेना. वरच्या पायवाटेवरून कुत्री फिरवणारी मंडळी येत-जात होती, त्यामुळं तिथं बसायची सोय नाही. शेवटी तिनं वहीत लिहिलं, ‘११.४०, खंड’. मग जिथं तार जराशी सैल पडली होती तिथून वाकून कुंपणाबाहेर पडली आणि समोरचा उंचवटा चढून पलीकडं उतरली. तिथं गॉर्सची भिंतच होती. तिला वळसा घालून ती आडोशाला बसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

माणसाला देव कुठल्या अवस्थेत भेटेल सांगता येत नाही. ॲव्हरिल खाली बघते तर डाव्या बुटाच्या नाडीवर काहीतरी निळं बसलेलं. तिला वाटलं नाडीचा धागा सुटलाय. त्या धाग्यानं पंख मिटले. चांदीच्या टिकल्या, एकूण एक, उन्हात चमकल्या.

ती हलली नाही. हलायची सोयही नव्हती. मग दुसरा आला. तिसरा तिच्या गुडघ्यावरून गेला. कपडे सावरत ती उठली, गॉर्सच्या फांद्या बाजूला केल्या, आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. समोरच्या उतारावर निळेच निळे. हेदरवर, गवतावर, उघड्या मातीवर. इतके की त्यांच्या हलण्यानं जमीनच हलतेय असं वाटावं.

आणि ती जमीन. सगळी चौकोनांची. एक चौकोन कापलेला, शेजारचे दोन राखलेले, पुन्हा एक कापलेला, पुन्हा दोन राखलेले. काही चौकोन ताजे, काळ्या मातीचे. काहींत बोटभर हेदर फुटलेला, काहींत वीतभर. चारी कोपरे काटकोनात, कडा सुरीनं कापल्यासारख्या. शाळेत कागदाची घडीसुद्धा अशी सरळ घालणारा एकच मुलगा होता.

अजून कापतोय! हा तिच्या मनात आलेला पहिला विचार, आणि खोटं कशाला सांगा, चोवीस वर्षांचा राग क्षणभर उसळलाच. पण तिच्या पायाशीच ताज्या चौकोनाच्या कडेला एक तपकिरी मादी हेदरच्या बुंध्याशी पोट टेकवून अंडं घालत होती, आणि उघड्या मातीवरून काळ्या मुंग्यांची रांग लगबगीनं चालली होती. मुंग्या. ॲव्हरिलला आठवेना की लांबतळीत तिनं शेवटची मुंगी कधी बघितली होती. तिथं बुंध्यांखाली माती ओली, गार आणि अंधारी. इथं हात टेकवला तर चुलीवरून काढलेल्या तव्यासारखी ऊबदार.

ती मटकन खाली बसली. कुणी न सांगता सगळं समजलं तिला. तिनं कुंपण घातलं, तट्टं काढली, फावडं बंद केलं. हेदर वाढला, सावली पडली, मुंग्या गेल्या, आणि मुंग्यांच्या जिवावर जगणारा तिचा निळा मागं राहून मेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत. ती आत शून्यं मोजत होती आणि निळे दीडशे पावलांवर तिच्याच पाठीमागं उडत होते. पण दीडशे पावलं म्हणजे त्यांच्या जातीला परदेश, आणि हिचा नेम असा की पाच मीटरपलीकडं बघायचं नाही.

नेम तो नेम. ती परत कुंपणात गेली आणि वाट पुरी केली. शून्य. मग पुन्हा उंचवट्यापलीकडं जाऊन बसली, पावाबरोबर आणलेलं चीज खाल्लं आणि चार वाजायची वाट बघितली. चारनंतर निळे वाऱ्याच्या आडोशाला एकत्र गोळा होतात, गवताच्या काड्यांवर एकाशेजारी एक बसून राहतात, तेव्हा ते नीट मोजता येतात. दोनशे सहा भरले. तिनं ते वहीत लिहिलं नाही, हाताच्या पंजावर लिहिलं.

सहाच्या सुमाराला जेबेझ कांद्याच्या वाफ्याला झारीनं पाणी घालत होता. फाटकात ॲव्हरिल उभी दिसली तसा त्यानं झारी खाली ठेवली. म्हणाला, “कांदे बघायला आली असशील तर अजून वेळ आहे.”

“अरे, मी पलीकडं जाऊन आले,” ती म्हणाली. “उंचवट्याच्या.”

“बरं.”

“दोनशे सहा आहेत.”

“गेल्या वर्षी जास्त होते,” जेबेझ म्हणाला. “या वर्षी माझ्यानं अकराच ढेपा झाल्या.” एवढं बोलताना मध्ये त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. चोवीस वर्षांत ॲव्हरिलनं त्याचा श्वास कधी एवढ्या जवळून ऐकला नव्हता.

तिनं विचारलं, धूर तर दिसत नाही, मग ढेपा जातात कुठं. तो परसाकडं चालायला लागला. परसात लाकडी खोपट होतं. त्यानं दार ओढलं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत ढेपा रचलेल्या, ओळीत, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पुढच्या काळ्या, मागच्या करड्या, अगदी मागच्यांवर कोळ्यांची जाळी. माणूस आत शिरेल एवढीही जागा उरली नव्हती.

“पंधरा वर्षांच्या आहेत,” तो म्हणाला. “डॉक्टरनं धूर बंद केला, छातीमुळं. सूनबाईनं तेलावरची शेगडी बसवून दिली. भुर्रभुर्र करते नुसती, तिला ना वास ना रंग. धुराडं मात्र मी पाडू दिलं नाही.”

“मग जाळायच्या नाहीत तर कापतोस कशाला?”

जेबेझनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. “मुंग्यांना ऊन लागतं,” तो म्हणाला. “माती उघडी राहिली नाही तर मुंगी राहत नाही. मुंगी नाही तर तुझा तो निळा नाही. पण सगळीच उघडी केली तर खाणार काय? म्हणून एक काप, दोन ठेव. आमचा म्हातारा हेच सांगायचा. त्याला निळ्याबिळ्याचं काही नव्हतं, पुढच्या वर्षी ढेपा मिळाव्यात एवढंच होतं. कुंपण पडल्यावर मी पलीकडं गेलो, तिथं थोडे निळे आधीपासून होते. त्यांचं मी आपलं बघून बघून शिकलो.”

ज्याला तिनं भर सभेत निळ्याचं घर उकरणारा म्हटलं, तो धाप लागत असताना पंधरा वर्षं निळ्यासाठी फावडं मारत होता, आणि ढेपा इथं कोळ्यांच्या स्वाधीन करत होता.

“मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली.

“तू मोजत होतीस ना,” जेबेझ म्हणाला. “मोजणाऱ्याला मध्ये टोकू नये, आकडा चुकतो.”

हे तो चेष्टेनं म्हणाला की मनापासून, तिला कळलं नाही, आणि खरं तर दोन्ही असावं. टपालवालीला एक ठाऊक असतं, की पत्र ज्याचं आहे त्याच्याच हातात द्यायला हवं. ती म्हणाली, “मी चुकले, जेबेझ. तुझ्यावर अन्याय केला मी. आणि त्यांच्यावरही.”

जेबेझनं खोपटाचं दार लावलं. कडी बसत नव्हती, ती बसवायला त्याला बराच वेळ लागला. मग पाठमोराच म्हणाला की चहा टाकतो, आणि सफरचंदाचा केकही आहे, सूनबाईनं केलेला, जरा कोरडा झालाय.

रोवेनाला ॲव्हरिलनं वही पाठवली. वाटेच्या रकान्यात शून्यच लिहिलं, कारण वाटेवर शून्यच होते. पण शेराच्या रकान्यात एरवी ती ‘काही नाही’ लिहायची, तिथं या वेळी मागची कोरी बाजू धरून तीन पानं भरली. रोवेना दुसऱ्याच दिवशी धावत आली. उतारावर पालथी पडून तिनं मुंग्या बघितल्या, जेबेझला ढीगभर प्रश्न विचारले, आणि नोंद बंद करायचं तीन वर्षं लांबणीवर टाकलं. तीन वर्षांत लांबतळीत निळा दिसला तर वाट चालू, नाहीतर नियम तो नियम. ॲव्हरिलला नियमाबद्दल तक्रार करायला तोंडच नव्हतं.

सप्टेंबरात गावची सभा भरली, त्याच दालनात, त्याच कुरकुरत्या खुर्च्यांवर. सगळ्यांना वाटलं पोस्टीणबाई कुणाला तरी झोडपणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, “चोवीस वर्षांपूर्वी मी इथं जेबेझ ट्रोकवर आरोप केला होता. त्यानं निळ्याचं घर मोडलं नव्हतं, त्यानं ते बांधलं होतं. मोडलं मी. कुंपण काढा आणि तट्टं आत सोडा. ढेपांचं मी बघते.” बोलणं एवढंच, पण खाली बसताना खुर्ची चुकता चुकता राहिली. मागच्या रांगेतून जेबेझचा आवाज आला, “सोमवारी सातला ये. जुने बूट घाल.” दालन हसलं, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

सोमवारी सातला ती गेली. जेबेझनं फावडं तिच्या हातात दिलं, त्याच्या म्हाताऱ्याचं, दांडा हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. स्वतः घडीचं स्टूल उघडून बसला, मांडीवर चहाचा थर्मास. त्याचा बेत साधा होता. उतारावरून उंचवट्यावर, उंचवट्यावरून लांबतळीत, चौकोनांची माळ न्यायची. निळा वीस पावलांवर थांबतो ना, मग दर वीस पावलांवर त्याला उतरायला ओटा करून द्यायचा. मुंग्यांचं घर दिसलं की तो चौकोन सोडायचा, पुढचा घ्यायचा.

पहिल्या दिवशी ॲव्हरिलच्या तीन ढेपा झाल्या आणि तळहाताला पाच फोड आले. ढेप निघायची ती नवशिक्या हाताच्या पहिल्या पोळीसारखी, एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. जेबेझला नुसतं बघून धाप लागायची. म्हणायचा, अगं, टपालाचा शिक्का मारतेस का, पाय दे फावड्यावर. म्हणायचा, तुझ्या कांद्यांसारखीच झाली की ही. ती म्हणायची, गेल्या वर्षी पहिला नंबर कुणाचा होता रे? मग तो थर्मास उघडायचा. हिवाळाभर हे चाललं. तट्टंही आली. त्यांनी हेदर खुडला, गॉर्सचे शेंडे खाल्ले, आणि एकदा जेबेझच्या पिशवीतला केक खाल्ला.

खोपटातल्या ढेपा ॲव्हरिलनं आपल्या घरी नेल्या. तिच्या धुराड्याला हक्क नव्हता, पण जेबेझ म्हणाला की ढेप ट्रोकांचीच आहे, जाळतो कोण हे धुराडं विचारायला येत नाही. पहिल्या थंडीत तिनं चूल पेटवली तेव्हा तो निळसर धूर पंधरा वर्षांनी गल्लीत उतरला. समोरचं दार उघडलं. जेबेझ गळपट्टा नाकाशी धरून उंबऱ्यात उभा राहिला, गळपट्टा थोडा खाली केला, एकच श्वास घेतला आणि आत गेला. त्यानंतर ॲव्हरिल दर रविवारी चूल पेटवायला लागली, वारा त्याच्या घराकडं असेल तरच, आणि एकच ढेप.

पहिल्या उन्हाळ्यात निळे उंचवट्याच्या पायथ्याशी आले. दुसऱ्या उन्हाळ्यात माथ्यावर दिसले, नेमके मोजून सोळा. लांबतळीत शून्य. तिसरा उन्हाळा शेवटचा. जून गेला, शून्य. जुलैचे दोन फेरे झाले, शून्य. ॲव्हरिल रात्री कूस बदलायची, पण तोंडानं बोलत नव्हती, आणि जेबेझही विचारत नव्हता. तो आता माळावर चालत येऊ शकत नव्हता. सूनबाई गाडीनं आणून वरच्या पायवाटेवर त्याचं स्टूल मांडून द्यायची.

वीस जुलैला अकरा वाजता ॲव्हरिल वाटेला लागली. लांबतळी आता ओळखू येत नव्हती. मध्ये मध्ये उघडे चौकोन, त्यांत वीतभर कोवळा हेदर, तट्टांची लीद, मुंग्यांच्या रांगा. पहिला टप्पा शून्य. दुसऱ्या टप्प्याला ती पायवाटेवरच्या जेबेझच्या स्टुलाच्या खालच्या अंगानं जाऊ लागली आणि थबकली. समोर, उजवीकडं, दोन मीटरच्या आत, हेदरच्या शेंड्यावर निळा बसला होता. ताजा, किनार जराही न झिजलेला. पंख उघडे टाकून ऊन खात होता.

“किती?” वरून जेबेझनं विचारलं. तिच्या पाठीवरूनच त्याला ओळखता येत होतं.

“बोलू नकोस, मोजतेय.”

“एक मोजायला एवढा वेळ?”

ती उत्तर देणार होती, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं तर दिसत नाही, म्हणून तिनं ते बाहीला पुसलं आणि पुन्हा बघितलं. निळ्याच्या खाली, चौकोनाच्या कडेला, मातीलगत, एक तपकिरी मादी बुंध्याशी पोट टेकवून बसली होती. तो चौकोन तिला पाठ होता. पहिल्या सोमवारची तिसरी ढेप, जिची एक कड अशी फाटली होती की जेबेझ आठवडाभर गावाला सांगत होता.

“दोन,” ती म्हणाली. “आणि अंडं घालतेय.”

वर स्टूल कुरकुरलं. जेबेझ काठी टेकत, एकेक पाऊल थांबत, उतार उतरून खाली आला. ॲव्हरिल त्याला थांबवायला गेली नाही. तिच्या शेजारी उभं राहून त्यानं आधी श्वास पुरा घेतला, मग टोपी काढली, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

“कड वाकडीच आहे पण,” तो म्हणाला.

ॲव्हरिलनं वही उघडली आणि दोनचा आकडा लिहिला. मग शेराच्या रकान्यात लिहिलं, ‘जमीन राखणारा: जेबेझ ट्रोक’, आणि वही त्याच्यापुढं धरली. चष्मा घरी राहिला होता त्याचा. तिनं वाचून दाखवलं. त्यानं एकदा मान हलवली, चोवीस वर्षं हलवायचा तशीच, आणि तिच्या दंडाचा आधार घेऊन तिसऱ्या टप्प्याकडं निघाला. वाट अजून पुरी व्हायची होती.